सोळा कोटींच्या अलीकडे

मूल चार वर्षांचं. जिना चढताना कठड्याला लोंबकळतं, पळताना पडतं, जमिनीवरून उठताना आधी ओणवं होतं आणि मग स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत उभं राहतं. आजी म्हणते, अंगात ताकद नाही, खारीक-खोबरं सुरू करा. डॉक्टर रक्त तपासायला सांगतात, त्यात एसजीपीटी आणि एसजीओटी वाढलेले निघतात आणि यकृताचं औषध सुरू होतं. ते सहा महिने चालतं, कधी वर्षभर. ही एन्झाइम्स यकृताप्रमाणे स्नायूंतही असतात आणि स्नायू झिजू लागले की तिथूनही रक्तात उतरतात. हे कुणाच्या तरी लक्षात येऊन सीपीके नावाची तपासणी लिहून दिली जाते, तेव्हा दोनशेच्या आसपास असायला हवा तो आकडा दहा-वीस हजारांवर गेलेला असतो. काही शे रुपयांची तपासणी. ती वेळेवर झाली असती, तर ‘ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी’ हे नाव त्या घराला वर्षभर आधी कळलं असतं.

ही कुणा एका मुलाची हकिकत नाही. यकृताचे उपचार घेऊन मग ड्युशेनच्या निदानाला पोचलेली मुलं या विषयातल्या डॉक्टरांना चांगलीच ओळखीची आहेत. मुद्दाम इथून सुरुवात केली, कारण दुर्मिळ आजार म्हटला की आपल्याला वेगळीच गोष्ट आठवते. २०२१ च्या सुरुवातीला मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीसाठी लोकांनी ऑनलाइन वर्गणी काढून १६ कोटींचं इंजेक्शन परदेशातून मागवलं, केंद्र सरकारने त्यावरचा सुमारे ६ कोटींचा कर माफ केला, आणि फेब्रुवारीत ते तिला दिलं गेलं. आजार स्पायनल मस्क्युलर अट्रॉफी, म्हणजे एसएमए. त्याच वर्षी पुण्याकडच्या एका चिमुरडीलाही असंच इंजेक्शन मिळालं; ती दोन महिन्यांच्या आत गेली. तेव्हापासून दुर्मिळ आजार म्हणजे सोळा कोटी, असं समीकरण मनात बसलं आहे.

त्या मोहिमांना नावं ठेवण्याचं कारण नाही. आपलं लेकरू असतं तर आपणही हात पसरले असते. पण दुर्मिळ आजार सात-आठ हजार आहेत, त्यांतले सुमारे ८० टक्के जनुकीय आहेत, आणि त्यांतल्या जवळजवळ ९५ टक्के आजारांवर नेमकं औषधच नाही. म्हणजे बहुतेक घरांना वर्गणी काढायला इंजेक्शनही नसतं. त्या घरांना लागणारी मदत सोळा कोटींच्या बरीच अलीकडे, काही शे किंवा काही हजार रुपयांत आणि माणसांच्या चार तासांत मोजण्यासारखी असते. ती कुठे आहे आणि कुठे तुटते, हे एका गावावरून मोजून पाहू.

गाव सिमरोल. इंदूरहून बऱ्हाणपूरच्या रस्त्याला लागलं की वीस-पंचवीस किलोमीटरवर, घाट उतरायच्या आधी लागतं, तहसील महू. २००९ साली सुरू झालेल्या आयआयटी इंदूरचा सुमारे ५०० एकरांचा परिसर इथे आहे आणि त्यात जैवविज्ञान व जैववैद्यकीय अभियांत्रिकीचा विभागही आहे. हाच रस्ता पुढे नर्मदा ओलांडून निमाडातून इच्छापूरला जातो आणि तिथून मुक्ताईनगरला, म्हणजे थेट खानदेशात. होळकरांच्या काळापासून इंदुरात रुजलेलं मराठी कुटुंब असो, आयआयटीत नोकरीला आलेलं असो की खानदेशातून मजुरीला आलेलं, सदोष जनुक यातला कुठलाच भेद ओळखत नाही. पुढच्या वाटा मात्र पैशांप्रमाणे आणि ओळखींप्रमाणे लगेच फुटतात.

पहिली माणसं गावातलीच. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताई पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळा घरी येते. अंगणवाडीत वजन-उंची होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येऊन मुलं तपासतं. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला सुरू झाला आणि मग देशभर गेला. जन्मजात व्यंग किंवा वाढीतला उशीर आढळला की मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं, अशी रचना आहे. कागदावर ती चांगली आहे. पथकातल्या डॉक्टरला पाँपे किंवा गोशेसारखा दुर्मिळ आजार ओळखता यावा अशी अपेक्षाच नाही. मान धरायला, बसायला, चालायला उशीर होतोय एवढं त्याने लिहिलं तरी पुरे. अडचण त्यानंतरची. चिठ्ठी मिळते आणि सोयाबीनच्या काढणीत एक दिवस मोडायचा कुणी, यावर ती ट्रंकेत पडून राहते.

इथे आईच्या हातात एक साधन आहे आणि ते फुकट आहे. मूल उठताना, चालताना, झटका आल्यावर, दूध पिताना धाप लागल्यावर मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवायचा. दवाखान्यात मूल हटकून शहाण्यासारखं वागतं, झटका तर कधीच वेळेवर येत नाही. अर्ध्या मिनिटाच्या त्या चित्रावरून तज्ज्ञाला जे कळतं ते घरच्यांच्या दहा मिनिटांच्या वर्णनातून कळत नाही.

आता एक आजार असा, ज्याच्याबद्दल वर्तमानपत्रात कधी छापून येत नाही. बायोटिनिडेझ नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असणं. अन्नातलं बायोटिन हे जीवनसत्त्व शरीराला पुन्हा पुन्हा वापरता येत नाही. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत झटके सुरू होतात, केस गळतात, अंगावर चट्टे उठतात, ऐकू येणं जातं, नजर जाते. उपचार काय, तर रोज बायोटिनची गोळी, आयुष्यभर. कुठल्याही मोठ्या औषधाच्या दुकानात मिळणारी, केसांसाठी लोक हौसेने खातात तीच. जन्मानंतर लगेच सुरू केली तर मूल इतर मुलांसारखं वाढतं. कान गेल्यावर सुरू केली, तर कान बहुधा परत येत नाहीत. सोळा कोटी नसल्यामुळे गेलेल्या मुलाबद्दल आपण हळहळतो. गोळी दुकानात असून नाव न कळल्यामुळे बहिरं झालेल्या मुलाबद्दल हळहळणारं कुणी नसतं. त्या आईलाही बहुतेक वेळा कारण कळलेलं नसतं.

ते कळायला बाळाच्या टाचेला टोचून काढलेले रक्ताचे चार थेंब लागतात. जन्मानंतर दोन-तीन दिवसांत विशिष्ट कागदावर ते वाळवायचे आणि प्रयोगशाळेत पाठवायचे. अनेक देशांत प्रत्येक बाळाची ही तपासणी होते. आपल्याकडे गोव्याने २००८ मध्ये सरकारी पातळीवर ती सुरू करून दाखवली, पुढे काही वर्षांनी ती थांबली. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ च्या सप्टेंबरात ‘उम्मीद’ नावाचा उपक्रम आणला, त्यात सरकारी रुग्णालयांत जनुकीय निदान केंद्रं आणि काही मागास जिल्ह्यांत नवजात बाळांची तपासणी होती. देशभर प्रत्येक बाळासाठी मात्र ही सोय अजून नाही. सिमरोलचं बाळ महूत जन्मो वा इंदुरात, टाचेची तपासणी व्हायची असेल तर ती बापाला मागून, बहुधा स्वतःच्या पैशाने करून घ्यावी लागते. बारशाच्या खर्चात ती बसते. माझं मत विचाराल तर करावीच, आणि घरात आधी एखादं मूल कारण न कळता गेलं असेल तर टाळूच नये.

मूल मोठं झाल्यावर लक्षणं दिसली, तर मग जनुकाची तपासणी. पूर्वी एकेक जनुक शोधत बसावं लागे. आता सगळ्या कामाच्या जनुकांचा एकदम वाचन-अहवाल काढता येतो आणि त्याचा खर्च लाखांवरून काही हजारांवर, म्हणजे साधारण एका साध्या मोबाइलच्या किमतीवर आला आहे. अहवालात ‘हो’ किंवा ‘नाही’ येईल असं घरच्यांना वाटतं. तिसरंही उत्तर येतं: बदल सापडला आहे, पण त्याने आजार होतो की नाही हे आज सांगता येत नाही. या तिसऱ्या उत्तरावर कितीतरी घरं खचतात, अहवाल फाडून टाकतात. तो जपून ठेवायचा असतो. दोन-चार वर्षांनी जगात आणखी काही मुलांत तोच बदल सापडला की त्याच अहवालाचा अर्थ बदलू शकतो. प्रयोगशाळेला पुन्हा वाचायला सांगता येतं. आणि मूल अत्यवस्थ असेल, निदान झालेलं नसेल, तर कितीही जड गेलं तरी डॉक्टरांनी त्याचं दोन-तीन मिलीलिटर रक्त जनुकीय तपासणीसाठी जपून ठेवायला सुचवावं. ते मूल गेल्यानंतर त्या आईबापांना पुढच्या मुलाबद्दल काही सांगता येईल असा पुरावा बहुतेक वेळा तेवढाच उरतो.

निदानाचं नाव कळलं की घरात पहिला प्रश्न उपचाराचा येत नाही. येतो तो, ‘कुणाकडून आलं?’ मग सुनेच्या माहेरची उजळणी सुरू होते. हा लेख एखाद्या सासूबाईंच्या हाती पडला तर त्यांनी एवढं वाचावं. आपल्यापैकी प्रत्येकाच्या जनुकांत काही ना काही बिघडलेलं असतं, पण प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असल्याने दुसरी चांगली प्रत काम निभावते. एसएमए, थॅलेसेमिया, सिकलसेल, बायोटिनिडेझ यांसारख्या आजारांत मूल आजारी पडायला बिघडलेली एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून यावी लागते. दोन्ही घरांचा वाटा अगदी निम्मा-निम्मा. आईबाप दोघं वाहक असले तर प्रत्येक गर्भारपणात आजाराची शक्यता चारात एक असते, आणि एक मूल आजारी झालं म्हणून पुढची तिघं सुटली असा हिशेब नसतो. एसएमएचे वाहक तर साधारण पन्नासात एक इतके असतात. ज्याच्या घराण्यात कुणीच आजारी नाही तोही त्यात असू शकतो. आते-मामे भावंडांच्या लग्नात ही शक्यता वाढते, कारण एकाच आजोबांची तीच बिघडलेली प्रत दोघांत उतरलेली असू शकते. महाराष्ट्रात मामाच्या मुलीवर हक्क सांगणारी घरं अजून आहेत, इंदूरच्या मराठी घरांनाही ही रीत परकी नाही.

ड्युशेनचं गणित वेगळं. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलाला एक्स फक्त आईकडून मिळतो. इथे आईला धारेवर धरायला आयतं निमित्त सापडतं. पण जवळजवळ एक तृतीयांश मुलांत हा बिघाड नव्याने झालेला असतो, आईत तो नसतोच. आणि असला तरी तो तिच्याही नकळत तिच्या वाट्याला आलेला असतो. चांगला जनुकीय समुपदेशक हे सांगायला आईबापांबरोबर दोन्हीकडच्या आज्यांनाही बोलावतो. पुढच्या मुलाचा विचार असेल तर आईची, तिच्या बहिणींची तपासणी करून घ्यायची. ते अवघड असतं. बहिणीचं लग्न ठरत असतं आणि मोठ्या जावयाने तोंड उघडू नये असं सगळ्यांना वाटत असतं.

पुढच्या गर्भारपणाच्या बाबतीत एक गैरसमज मुद्दाम सांगायला हवा. सोनोग्राफी केंद्रातली गर्भलिंगनिदानबंदीची पाटी वाचून गर्भाची जनुकीय तपासणीच बेकायदा आहे, असं वाटू शकतं. लिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, मग १९९४ मध्ये देशाचा झाला. त्या कायद्यात जनुकीय आजाराच्या तपासणीला परवानगी आहे, नोंद करून आणि लिंग न सांगता. अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा बारीकसा अंश घेऊन, किंवा सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल घेऊन ती करतात. पण काय शोधायचं ते आधी माहीत हवं. पहिल्या मुलाच्या जनुकातला नेमका बदल हाती नसेल तर आठवडे शोधातच निघून जातात. म्हणून हे काम गर्भ राहण्याच्या आधीचं. २०२१ मध्ये गर्भपाताच्या कायद्यात झालेल्या दुरुस्तीने काही महिलांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत गेली आणि गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या संमतीने त्यापुढेही परवानगी मिळू शकते. तपासणीनंतर काय करायचं हा निर्णय त्या दोघांचा. त्यात डॉक्टरने ढकलू नये आणि शेजाऱ्यांनी तर अजिबात नाही.

आता पैसा. दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण मार्च २०२१ मध्ये आलं. त्यात आजारांचे तीन गट केले: एकदाच उपचार करून बरे होणारे, आयुष्यभर पण तुलनेने कमी खर्चाचे उपचार लागणारे, आणि उपचार आहेत पण अतिशय महाग असे. सुरुवातीला पहिल्या गटालाच २० लाखांची मदत होती. मे २०२२ मध्ये ती कुठल्याही गटाला ५० लाखांपर्यंत झाली. ती रुग्णाच्या खात्यात येत नाही. ठरवून दिलेल्या उत्कृष्टता केंद्रात नोंद करावी लागते आणि उपचार तिथूनच होतात. पहिल्या आठ केंद्रांत मध्य प्रदेशातलं एकही नव्हतं. इंदूरकरांना मुंबईचं केईएम, दिल्लीचं एम्स किंवा लखनौचं संजय गांधी संस्थान. नंतर केंद्रं वाढली, त्यामुळे निघण्याआधी आरोग्य मंत्रालयाची ताजी यादी बघून घ्यावी, एखादी फेरी वाचेल. आयुष्मान कार्डाचा आधार दाखल झाल्यावरच्या उपचारांना. रोजचं औषध आणि बाहेरच्या तपासण्या त्यात बसत नाहीत, आणि या आजारांत खर्च नेमका तिथेच असतो.

५० लाख ही रक्कम मोठी वाटते. ती किती मोठी आहे हे आजारावर ठरत नाही, औषधाच्या किमतीवर ठरतं. एसएमएवरचं रिस्डिप्लाम हे तोंडाने घ्यायचं औषध घ्या. एका बाटलीत ६० मिलिग्राम. वीस किलोच्या वरच्या मुलाला रोज ५ मिलिग्राम, म्हणजे बाटली बारा दिवस पुरते आणि वर्षाला तीस बाटल्या लागतात. मूळ कंपनीची बाटली सुमारे ६ लाख २० हजारांना होती. त्या भावाने ५० लाखांत आठ बाटल्या, म्हणजे तीन महिने. मग पुढे काय, याचं उत्तर धोरणात नव्हतं. दरम्यान हैदराबादच्या नॅटको कंपनीने तेच औषध बनवायची तयारी केली, मूळ कंपनी रोश पेटंटसाठी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. मार्च २०२५ मध्ये एकल न्यायाधीशांनी आणि ऑक्टोबरात खंडपीठाने मनाई नाकारली, सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही, आणि नॅटकोची बाटली १५,९०० रुपयांना बाजारात आली. आता वर्षाचा खर्च पावणेपाच लाखांच्या आसपास. तेच ५० लाख दहा वर्षं पुरतात. इतक्या वर्षांत वर्गणीच्या मोहिमांनी मिळून जे साधलं नाही ते एका न्यायालयीन निकालाने साधलं. पावणेपाच लाखही सिमरोलच्या मजुराला परवडणारे नाहीतच. पण हा आकडा सरकारच्या आवाक्यातला आहे आणि त्यामुळे मागण्यासारखा आहे.

करांचंही असंच, माहीत असेल तर मिळतं. धोरणातल्या यादीत असलेल्या आजारांसाठी स्वतःच्या वापरापुरतं औषध किंवा विशेष आहार परदेशातून मागवला, तर १ एप्रिल २०२३ पासून मूळ सीमाशुल्क पूर्ण माफ आहे. त्यासाठी आरोग्य संचालक किंवा जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. प्रत्येक घराने पंतप्रधानांना पत्र लिहावं लागू नये म्हणून केलेली ही सोय. सप्टेंबर २०२५ मध्ये अशा अनेक औषधांवरचा जीएसटीही शून्य झाला. प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकाऱ्याने असा अर्ज पूर्वी कधी पाहिलेला नसण्याची शक्यता बरीच, म्हणून अधिसूचनेची प्रत सोबत न्यावी.

मध्य प्रदेशात कुठल्याही योजनेची सुरुवात समग्र आयडीने, म्हणजे राज्याच्या ओळख क्रमांकाने होते. महाराष्ट्रातून नुकत्याच आलेल्या कुटुंबाकडे तो नसतो आणि पहिले दोन महिने त्यातच जातात. त्यानंतर दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले आणि त्यांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी आली, सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाही आले. सिकलसेल त्या यादीत यावा यासाठी झटलेल्यांत नागपूरच्या सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाचे संपत रामटेके होते. २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. विदर्भात किंवा झाबुआ-अलीराजपुरात सिकलसेल दुर्मिळ नाही, पण जनुकीय आजाराच्या मुलांना कायद्यात जागा मिळवण्याची वाट या चळवळीने पाडली. जागा अपुरी मिळाली, हेही खरं: रक्ताचे हे आजार व्याख्येत आले, नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात आले नाहीत.

कागदपत्रांनी सुटत नाही तो प्रश्न माणसाच्या वेळेचा. मुलाला रात्री दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, चमच्याने भरवायला तास जातो, फिजिओथेरपी रोजची. नोकरी सुटते ती जवळजवळ नेहमी आईची. हिमाचलमधल्या नालागढच्या एका सरकारी महाविद्यालयातल्या प्राध्यापिकेच्या मुलाला हाडं ठिसूळ करणारा ऑस्टिओजेनेसिस इम्पर्फेक्टा हा जनुकीय आजार आहे. त्याच्या शस्त्रक्रियांत तिची सगळी रजा संपली आणि बालसंगोपन रजेचा नियम राज्याने स्वीकारलेला नव्हता. २२ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मातांना ही रजा देण्याचा राज्याने फेरविचार करावा असं सांगितलं आणि स्त्रियांचा नोकरीतला सहभाग हा घटनेने दिलेला हक्क आहे, असं बजावलं. त्या पीठाचे प्रमुख होते तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड. त्यांच्या घरी वाढणाऱ्या दोन मुलींना नेमलाइन मायोपॅथी हा स्नायूंचा दुर्मिळ जनुकीय आजार आहे, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलेलं आहे. निवृत्तीनंतर सरकारी बंगला सोडायला उशीर झाल्यावर २०२५ मध्ये टीका झाली, तेव्हाही मुलींच्या चाकाच्या खुर्च्या आत जातील असं घर दिल्लीत मिळायला वेळ लागतो, हे त्यांना सांगावं लागलं. देशाच्या सरन्यायाधीशाला जे शोधावं लागलं, ते सिमरोलच्या दोन खोल्यांच्या घरात कुठून येणार?

रजेचा हा हक्क सरकारी नोकरीतल्या आईला. शेतावर जाणारी, किराणा दुकान सांभाळणारी आई रजा कुणाकडे मागणार? केरळात अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरी काळजी घेणाऱ्याला ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून महिन्याला थोडी रक्कम मिळते. रक्कम नगण्य आहे, पण सांभाळणं हे काम आहे असं एका सरकारने लिहून तरी दिलं. बाकी ठिकाणी हे काम शेजारपाजारावर येतं, आणि ते शेजाऱ्यांना जमण्यासारखं आहे. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणण्यापेक्षा ‘गुरुवारी दुपारी दोन तास मी बसते, तुम्ही झोपा’ म्हणणारी काकू या घराला जास्त उपयोगाची. त्या काकूला आधी एकदा शिकवावं लागेल: मान कशी धरायची, भरवताना मूल किती उभं ठेवायचं, धाप लागली तर कुणाला फोन करायचा. आजारी मुलाच्या धडधाकट भावंडाला कुणी सिनेमाला नेलं तरी चालेल. त्याच्या वाट्याला बरेच दिवस कुणी आलेलं नसतं. आयआयटीच्या मुलांना प्रकल्पाचे विषय हवेच असतात. गावातल्या शाळेचा उतार, मानेला आधार देणारी स्वस्त खुर्ची, खोकला काढायला मदत करणारं साधन यांसाठी त्यांना रुग्ण शोधायला फार लांब जावं लागणार नाही.

सगळ्यात नेमकी मदत मात्र त्याच आजाराच्या दुसऱ्या घराकडून होते. बंगळूरुचे प्रसन्न शिरोळ यांच्या मुलीला पाँपे हा आजार होता. भारतात निदान झालेल्या पहिल्या काही रुग्णांत ती होती. तिच्यासाठी औषध मिळवताना जी दारं ठोठावावी लागली ती इतरांना पुन्हा ठोठावावी लागू नयेत, म्हणून त्यांनी इतर पालकांबरोबर २०१० मध्ये पाँपेसारख्या लायसोसोमल आजारांच्या मुलांसाठी संस्था काढली, मग २०१४ मध्ये सगळ्याच दुर्मिळ आजारांसाठी ऑर्गनायझेशन फॉर रेअर डिसीझेस इंडिया उभी राहिली. एसएमएच्या पालकांची क्युअर एसएमए फाउंडेशन ही संस्थाही त्याच काळातली. अशा गटांत डॉक्टरला न विचारता येणारे प्रश्न विचारता येतात. नाकातली नळी घरी कोण बदलतं? शाळेने नकार दिला तर कुठला अर्ज चालतो? ड्युशेनमध्ये स्टेरॉइड सुरू केल्यावर मुलाची भूक आणि राग कसा आवरायचा? धोक्याची सूचनाही तिथेच मिळते, कारण मूलपेशींची इंजेक्शनं विकणारे दुकानदार निदान झाल्या झाल्या अशा घरांचा माग काढतात, आणि ड्युशेन किंवा एसएमएवर त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही.

इंदुरातच होण्यासारखं इंदुरात करावं. एमवाय, म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालयात २०१८ पासून अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचं युनिट आहे, तिथे थॅलेसेमियाच्या मुलांवर प्रत्यारोपणं झाली आहेत. पूर्वी त्यासाठी राज्याबाहेर जावं लागे. फिजिओथेरपी, आकडीचं औषध, दात, डोळे, लसी यांसाठी मुंबई गाठण्याचं कारण नाही. निदानाला आणि वर्ष-सहा महिन्यांच्या तपासणीला मात्र जावं लागतं. इंदूरची अवंतिका एक्स्प्रेस सकाळी मुंबईत सोडते. परळला केईएमच्या आसपास बाहेरगावच्या रुग्णांसाठी नाना पालकर स्मृती समितीची सोय आहे. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे मुख्यतः कर्करोगाचे रुग्ण असतात. जाताना फाइल एकच असावी, तारखांप्रमाणे लावलेली, आणि वर एका पानावर मराठीत किंवा हिंदीत आईने लिहिलेली हकिकत: कधी बसलं, कधी चाललं, काय थांबलं, घराण्यात कोण कोण. मोठमोठे डॉक्टर आधी ते पान वाचतात.

आणि मूल अठरा वर्षांचं होतं तेव्हा एक वेगळाच कागद पुढे येतो. कायद्याने ते सज्ञान झालेलं असतं. ड्युशेनच्या बहुतेक मुलांची बुद्धी शाबूत असते; त्यांनी बँकेचं खातं स्वतः चालवायचं, शस्त्रक्रियेच्या संमतीवर स्वतः सही करायची, त्यासाठी आईबापांनी हात आखडता घ्यायला शिकावं लागतं. पण बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असेल, तर आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. त्या समितीवर एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. याच न्यासाची ‘निरामय’ ही वर्षाला एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, तिच्यात बाहेरच्या तपासण्या आणि थेरपीही धरतात आणि ती अठराच्या आधीही घेता येते. इंदूर जिल्ह्यात हा अर्ज कलेक्टर कचेरीच्या सामाजिक न्याय विभागात विचारावा. आपल्यानंतर कोण, या प्रश्नावर बहुतेक घरांत कुणी बोलत नाही. अर्जात मात्र त्याचं नाव भरावंच लागतं.